बाबांचे खडूचे बाण आणि तांडूरच्या फरशा

आमच्या बाबांना हैदराबादमध्ये एकच गोष्ट पसंत नव्हती, ती म्हणजे हैदराबाद. ठाण्याची कंपनी बंद पडली, हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले आणि पाठोपाठ आई गेली. तेव्हापासून मी त्यांना नल्लकुंट्याला आमच्याकडे कायमचं राहायला बोलावत होते. ते यायचे, आठवडाभर इथल्या चहाला नावं ठेवायचे आणि परत जायचे. तिकडे एकटे नीट जेवत असतील का, या विचाराने मला ऑफिसात काम सुचायचं नाही. या खेपेला म्हणाले, "तिकडे माझे डोंगर आहेत. इथे चालण्यासारखं काही दाखव, मग बघू." मंगळवारचं परतीचं तिकीट मात्र खिशात होतंच.

म्हणून रविवारी फरशांच्या खाणींचं गाव, तांडूर, गाठायचं ठरलं. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरचं 'रिलीज' नेमकं त्याच दिवशी होतं, त्यामुळे तो सुटला. तुम्ही जाणार असाल तर नामपल्लीहून सकाळची पॅसेंजर पकडा. तिकीट अगदी स्वस्त आहे, फक्त गाडीला घाई नसते. विकाराबादच्या टेकड्या दिसल्या तसं मी उत्साहाने बोट दाखवलं. बाबा म्हणाले, "याला आमच्याकडे चढ म्हणतात." तांडूरला स्टेशनबाहेर पोटभर इडली खाऊन घ्या, कारण पुढे हॉटेल नाही. तिथून शेअर ऑटोने नदीकाठच्या वस्तीवर उतरायचं.

आपल्याकडे मोरीत असते ती शहाबादी फरशी आठवा. इथे भिंती, छपरं, कुंपणं, गुरांची गव्हाणसुद्धा तसल्याच फरशांची! वाट गोल आहे. या काठाने घळीतून खाली जायचं, गुडघाभर पाणी ओलांडून दुसऱ्या वस्तीवर पोचायचं आणि पलीकडच्या काठाने परत यायचं. दोन्ही बाजूंना भाकऱ्यांच्या चवडीसारखे दगडाचे थर आहेत आणि भर दुपारीही आत गार वाटतं. घळीत बाबांनी कशालाच नाव ठेवलं नाही. त्यांच्याकडून एवढं कौतुक पुष्कळ झालं.

हात मात्र चालू होता. बाबा जुने ट्रेकर. फाटा आला की खिशातून खडू काढायचा आणि जवळच्या फरशीवर बाण मारायचा. वाटेच्या कडेला खाणीतल्या फरशा रचलेल्याच होत्या, त्यामुळे बाणांना जागेची कमी नव्हती.

"बाबा, चुकलो तर विचारू की कुणाला तरी."

"विचारतात ते पिकनिकवाले."

दुसऱ्या वस्तीत एका आजींनी आग्रहाने ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. पैसे काढले तर रागावल्या. त्यांनी तेलुगूत बाबांना विचारलं, घरी कोण कोण असतं? मी प्रश्न त्यांना मराठीत सांगितला. बाबा भाकरी मोडत म्हणाले, "कोणी नाही." मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मला ते फार लागलं, आणि मी ते आजींना तेलुगूत सांगितलंच नाही.

पुढे आम्ही कुठेतरी चुकलो आणि वाट एका पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीपाशी संपली. "बघ, म्हणून बाण लागतात," म्हणत बाबा ऐटीत मागे वळले. पहिल्या फाट्यावर बाण नव्हता. दुसऱ्या फाट्यावर तर फरशीच नव्हती. "इथेच काढला होता गं," म्हणताना त्यांचा आवाज उतरला. मग ते दगडावर बसले आणि मला एकदम खूप थकलेले दिसले.

तेवढ्यात वळणाआडून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत फरशा उभ्या रचलेल्या आणि एकूण एक फरशीवर बाबांचा बाण! मी हात करून थांबवला.

"ये निशान आप मारे क्या साब?" ड्रायव्हर कपाळाला हात लावून म्हणाला. "सेठ माल पसंद करको खडू मारतें ना! मैं समझा सेठ आको गए."

"वो तो हमारा रास्ता था," बाबा म्हणाले.

"रास्ता होना तो पूछना था ना साब! पूरा रास्ता तो मैं गाडी में डाल लिया!"

बाबा हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खोकला लागेपर्यंत हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला मात्र रडू आलं.

ड्रायव्हरने आम्हाला ट्रॉलीतून तांडूरला सोडलं. उतरताना पाटाएवढी एक फरशी बाबांच्या हातात ठेवली. "कोना टूटेला है, सेठ लेतेच नै. आपका निशान, आप रखो." ती गाडीत मांडीवर घेऊन बाबा नामपल्लीपर्यंत आले. कुणाला हात लावू दिला नाही.

जायचं असेल तर थंडीत जा. टोपी आणि पाणी न्या, खडू नेऊ नका.

घरी नवऱ्याने ती फरशी पायरी म्हणून दाराबाहेर टाकली. बाणाचं टोक रस्त्याकडे झालं होतं. बाबा चहा अर्धा ठेवून उठले, वाकले आणि फरशी फिरवून टोक घराकडे केलं. "असं पाहिजे," एवढंच म्हणाले. मी तिकिटाबद्दल काही विचारलं नाही. सोमवारी ते स्वतःच रद्द करून आले आणि दारात चपला काढता काढता म्हणाले, "काऊंटर सापडेना. मग तिघांना विचारलं."