डोळे उघडे ठेवण्याची ड्युटी

आमच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात. मी सोडून.

हे काही मी आपल्या मनाने सुरू केलेलं नाही. गणित शिकवायला लागले त्याच वर्षी शिस्तीचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण आवाज मोठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. आता शिस्तीच्या बाईनेच डोळे मिटले तर झालंच कल्याण. सातवीतले पोट्टे पुढच्याच्या स्वेटरचा धागा ओढत बसतात, पाचवीच्या मुली ओठ न हलवता अख्ख्या गप्पा मारतात आणि एका महाभागाने तर मोठ्या मॅडमची प्रार्थना सुरू असताना चिवड्याची पुडी संपवली होती, तीही आवाज न करता. म्हणून मी पटांगणाच्या कडेला, पायरीवर उभी राहते आणि सगळ्यांकडे बघते. पोरांना हे माहीत असल्यामुळे ती डोळे नुसते मिटत नाहीत, आवळतात.

शाळा ख्रिस्ती, पण मुलं सगळ्या घरांतली. शेतकऱ्यांची, नोकरदारांची, हिंदू, बौद्ध. आमच्या चर्चची मोजकीच. भिंतीवर तीन शब्द मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवले आहेत: श्रद्धा, शील, शिक्षण. श्रद्धेचं खातं मोठ्या मॅडमकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे. शिक्षण आमच्याकडे. शील कोणाला नेमून दिलेलं नाही, त्यामुळे त्यावरून सगळेच सगळ्यांना बोलतात.

मोठ्या मॅडमची प्रार्थना लांबते. पिकांपासून सुरू होते, मग आजारी पालक, मग दहावीचा निकाल, मग शाळेसमोरचा खोदून ठेवलेला रस्ता, मग बोअरचं पाणी. एकदा वीज जाऊन माइक बंद पडला, तरी त्यांनी बोअरपर्यंत आणून सोडलंच. माझा पहिला तास गणिताचा, आणि त्याचा चांगला लचका रोज देवाकडे जातो. हे मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं आहे. मोठ्या मॅडम हसतात आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच लांब प्रार्थना करतात.

माझी मुलगी याच शाळेत, गेल्या वर्षी नववीत होती. नववीच्या मुलींना लहान वर्गांच्या रांगा सांभाळायला देतात, तिच्याकडे दुसरीची रांग होती. ती रांगेच्या बाजूला उभी राहायची आणि मी पायरीवरून, इतरांवर फिरवते तशी तिच्यावरही नजर फिरवायची. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि एका सकाळी माझ्या लक्षात आलं की हिचे डोळे उघडे आहेत.

एखाद्या दिवशी होतं असं. पण दुसऱ्या दिवशी तेच, आठवडाभर तेच. सगळं पटांगण मान खाली घालून उभं, आणि माझी पोरगी, आमच्या घरातली, संडे स्कूलमध्ये वाढलेली, टक्क डोळे उघडे ठेवून उभी.

एरवी मी कान धरला असता आणि विषय संपला असता. पण त्या वर्षी नाताळच्या आधीच्या रविवारी तिचं दृढीकरण होतं. आमच्यात बाप्तिस्मा तान्हेपणी होतो, तो आईबापांच्या भरवशावर. दृढीकरण म्हणजे मुलाने मोठं झाल्यावर सगळ्या चर्चसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की हा विश्वास आता माझा आहे. दर शनिवारी त्यासाठी चर्चच्या पाळकसाहेबांचा वर्ग चालायचा आणि ही न चुकता जात होती. शनिवारी वर्ग आणि सोमवारी उघडे डोळे, हे माझ्या गणितात बसेना.

पिपरी मेघेला आमचं घर. संध्याकाळी ती कणीक मळत होती, तेव्हा मी विषय काढलाच.

"काऊन गं, प्रार्थनेत डोळे उघडे ठेवून काय पाहून राह्यली तू?"

"काही नाई."

"काही नाई तं मीट ना मग."

"मले नाई मिटता येत आई. नको ना विचारू."

आमचे हे खुर्चीत बसून मोबाइल बघत होते. मान वर न करता म्हणाले, "तू बी तं उघडेच ठेवते."

"माझी ड्युटी आहे ती."

"हो ना. ड्युटी," म्हणाले आणि परत मोबाइलमध्ये घुसले. या माणसाला कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं हे लग्नापासून कळलेलं नाही.

मी चिडलेली होते, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. माझा मोठा भाऊ असाच गेला. आधी प्रार्थनेत डोळे उघडे. मग तो शेवटच्या बाकावर बसायला लागला, मग दारात उभा राहायला लागला, मग फक्त नाताळला यायला लागला, आणि आता नाताळलाही येत नाही. आमच्यात भांडण झालं नाही कधी. फोन करतो, तब्येत विचारतो, ऊन किती आहे ते सांगतो, आणि त्यापुढे आम्हाला बोलायला काही उरलेलं नाही. आईने त्याच्यासाठी किती वर्षं रडून काढली ते मी बघितलं आहे. माझी पोरगी अशीच हळूहळू दाराकडे सरकते आहे असं मला वाटायला लागलं.

भीती वाटली की मी जोरात बोलते, ही माझी खोड. एका शुक्रवारी मी तिला स्पष्टच सांगितलं, "विश्वास नसेल तं नसू दे. पण खोटं बोलायले चर्चसमोर उभी राहू नको. मी पाळकसाहेबांले फोन करते अन् तुझं नाव काढायले सांगते."

ती रडायलाच लागली. "नाव नको काढू आई."

"मग सांग काय झालं ते."

"नाई सांगता येत."

फोन मी केला नाही. पण सोमवारपर्यंत वाट बघायची आणि सोमवारीही डोळे उघडे दिसले तर करायचाच, हे मनात पक्कं ठरवून टाकलं.

सोमवारी थंडी होती. पोरं स्वेटरात हात ओढून उभी. मोठ्या मॅडमनी "आपण डोळे मिटू या" म्हटलं आणि मी सरळ दुसरीच्या रांगेकडे बघितलं. उघडे. शाळा सुटल्यावर फोन, असं मी स्वतःशी म्हटलं. आणि तेवढ्यात माझ्या मुलीने पाऊल पुढे टाकलं.

तिच्यासमोर दोन वेण्या आणि लाल रिबिनी घातलेली आमच्या गल्लीतली एक लहान मुलगी उभी होती. ती ताठ झाली, मागे कलली. कोब्यावर डोकं आपटायच्या आधी माझ्या मुलीचे हात तिच्या डोक्याखाली पोचले होते. तिने तिला खाली निजवलं, कुशीवर वळवलं, स्वतःचं स्वेटर काढून डोक्याखाली सारलं, गळ्याजवळची टाय सैल केली. लहानीचे हातपाय झटके देत होते. माझी मुलगी तिला दाबून धरत नव्हती, नुसता पाठीवर हात ठेवून बसली होती. शेजारच्या एकीने डोळे उघडले, तर हिने बोट ओठांवर ठेवून तिला शांत केलं. बाकी सगळ्यांचे डोळे माझ्या धाकाने आवळलेले. माइकवर मोठ्या मॅडम दहावीच्या निकालापर्यंत आल्या होत्या.

मी पायरीवरून उतरून तिकडे धावले. मी पोचेपर्यंत झटके कमी झाले होते. मुलीने वर बघितलं आणि हळूच म्हणाली, "थांबून राह्यले झटके मॅडम. घाबरू नका." शाळेत ती मला मॅडमच म्हणते. मोठ्या मॅडमची प्रार्थना रस्त्यावरून बोअरच्या पाण्याकडे वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, अजून चालू दे. "आमेन" झालं तेव्हा लहानी शांत झाली होती आणि एवढ्या गर्दीने तिला तशा अवस्थेत बघितलं नव्हतं.

मग मात्र धावपळ झाली. शाळेतल्या मावशी कांदा फोडून घेऊन आल्या, नाकाशी धरायला. माझी मुलगी म्हणाली, "कांदा नको मावशी, काही करू नका. फक्त निजू द्या तिले." मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मुलीकडे बघितलं. कांदा परत गेला.

लहानीची आई आली. तिला मी ओळखत होते. आमच्याच गल्लीत, पिठाच्या गिरणीमागे खोली करून राहते. शेती अल्लीपूरला, नवरा तिकडेच असतो, पोरीच्या शिक्षणासाठी ही इकडे. तिची आणि माझी मुलगी एकाच ऑटोने शाळेत येतात. लहानी आमच्या अंगणातले पेरू खाऊन जायची आणि मला या आजाराचा पत्ता नव्हता. आधीच्या शाळेने "बरी झाली की आणा" म्हणून घरी बसवलं होतं, म्हणून इथे बाईने कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं फक्त माझ्या मुलीला, दिवाळीनंतर ऑटोची वाट बघताना. झटका आला तर काय करायचं, काय नाही, हे दवाखान्यात शिकवलेलं सगळं तिला करून दाखवलं आणि वचन घेतलं.

मोठ्या मॅडमच्या खोलीत ती हात जोडून उभी होती. "मॅडम, काढू नका तिले. गोळ्या टायमावर देतो आम्ही."

"कोण काढून राह्यलं बाई? तू बस आधी खुर्चीवर," मोठ्या मॅडम म्हणाल्या. मग बसल्यावर मात्र तिला झापली. "मले सांगायचं होतं. एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर टाकलं कायले?" डॉक्टरांचा नंबर घेतला, वर्गशिक्षिकेला बोलावून सगळं समजावून सांगितलं. लहानी शाळेतच राहणार हे कळल्यावर ती बाई पदर तोंडाला लावून रडली, आणि मीही नाक पुसलं. मग मोठ्या मॅडम माझ्याकडे वळल्या. "अन् तुम्ही रोज कुठी पाहून राह्यल्या होत्या, शिस्तीच्या मॅडम?"

मी माझ्या पोरीचे उघडे डोळे बघत होते. ते कुणाकडे बघतात हे एकदाही बघितलं नव्हतं.

त्या दिवशी मी तिला ऑटोने न पाठवता माझ्या गाडीवर घेतलं. कापसाच्या गाड्यांमुळे रस्ता तुंबला होता, हळूहळू चाललो होतो. मी म्हटलं, "मले तरी सांगायचं होतं."

"वचन देलतं ना. अन् तू मोठ्या मॅडमले सांगितलं असतं."

सांगितलंच असतं. थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, "मग तुझी प्रार्थना कधी होते?"

"तेव्हाच होते. डोळे उघडे ठेवून म्हणते ना मी."

"काय म्हणते?"

"'देवा, आज नको.' एवढंच."

"आज तं आलाच झटका."

"हो," ती मागून म्हणाली. "पण मी तिच्याजवळच होती."

डोळ्यात धूळ गेली असं सांगून मी गाडी बाजूला लावली. इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं एकदम उतरलं होतं. ती दाराकडे सरकत नव्हतीच. आमच्या सगळ्यांपेक्षा आतच उभी होती. मी तिला जवळ ओढलं, तर म्हणाली, "आई, लोक पाहून राह्यले," आणि तरी सुटायचा प्रयत्न केला नाही.

पाळकसाहेबांना फोन करायचा प्रश्नच उरला नाही. घरी सगळं सांगितलं तेव्हा आमचे हे मोबाइल बाजूला ठेवून तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी एक शब्द काढला नाही. या वेळी मात्र त्यांना बरोबर कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी मला पायरीवरून खाली उतरवलं. "नववीची पोरगी आपल्या वर्गाच्या रांगेत उभी राहील. दुसरीजवळ तुम्ही." मी लहानीच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने वळून बघितलं आणि घाबरून म्हणाली, "मॅडम, मी नाई बोलून राह्यली."

"माहीत आहे मले. मीट डोळे," मी म्हटलं.

प्रार्थना सुरू झाली. मी तिच्या दोन वेण्यांवर नजर ठेवली. इतकी वर्षं मी या पटांगणात बघण्याचं काम केलं होतं, मागितलं कधी काही नव्हतं. म्हटलं, देवा, आज नको. मोठ्या मॅडम पिकांवरून आजारी पालकांवर गेल्या. मी परत म्हटलं, आज नको.

मग क्षणभर मान वर करून नववीच्या रांगेकडे बघितलं. सगळ्यांसारखे तिचेही डोळे मिटलेले होते. तेवढ्यात एक डोळा किंचित उघडला. त्याने लहानीला बघितलं, तिच्या मागे मला बघितलं, आणि तो परत मिटला.