खालच्या आवाजातला विनोद

बीडला मी एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो. त्यामुळे असेल, पण इंग्रजी गाण्यांचा एक अल्बम अख्ख्या जिल्ह्यात माझ्या एकट्यासाठीच निघालाय असा माझा पक्का समज होता. बरोक पॉप म्हणतात त्या प्रकाराला. वादकांचा मोठा ताफा, जुन्या दरबारी थाटाची व्हायोलिनं आणि त्यावर स्वतःला फार मोठा प्रेमवीर समजणारा गायक. शब्द असे मिश्कील की मी एसटीतही एकटाच हसायचो. हे आणखी कुणाला कळणार, असा विचार करून मी मनातल्या मनात सगळ्या मित्रांना नापास करून टाकलं होतं.

वडिलांचा, म्हणजे दादांचा, तर प्रश्नच नव्हता. दादांची सगळी नोकरी परळीच्या वीज केंद्रात, टर्बाइनवर गेली. लोखंडी गजाचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं. त्याच घरघरीनं कान गेले, बारीक आवाज तर पारच. ऐकायचं मशीन आणलं, ते लावीनात. आई गेल्यापासून बोलणंही आटलं. दोन वर्षांत त्यांनी तिचा विषय एकदाही काढला नव्हता. हा माणूस असाच मिटत जाणार, याची मला भीती वाटायची.

एका रविवारी दुपारी मी परळीच्या घरी हेडफोन लावून हसत होतो. दादांनी खुणेनंच विचारलं, काय आहे? तुम्हाला नाही कळायचं, हे ओठांवर आलं होतं. ते गिळलं, हेडफोन त्यांना चढवला आणि आवाज पूर्ण वाढवला.

त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या गाण्याला त्यांचं पोट हलायला लागलं. इंग्रजीचं अक्षर न कळणारा माणूस हसतोय कशाला, म्हणून मी एका बाजूनं कान लावला. तळाशी एक जाड, घोगरं वाद्य होतं. गायकानं बढाई मारली की ते हळूच खाकरायचं आणि दादांचं बोट वर जायचं. इतकी वर्षं मी नुसते शब्द ऐकत बसलो होतो. मी मोडीत काढलेल्या कानांनी खरा विनोद पहिल्याच झटक्यात पकडला. मी थक्क झालो, आणि लाजही वाटली.

"ह्यो गडी लई बाता हाणायलाय," दादा म्हणाले, "आन् खालचा त्येची एक बी बात खपू देईना."

मग डोळे न उघडताच म्हणाले, "तुझ्या आईला आवडलं असतं. मी चार मान्सांत बाता हाणाया लागलो की ती बी अशीच हळूच खाकरायची."