दुर्बिणीतली वाकडी तार

माझा उजवा डोळा गेला तो माझ्या स्वभावामुळे. डॉक्टर वय म्हणतात, म्हणू देत. पूर्ण गेला नाही. कडेकडेचं दिसतं, मधोमध राखाडी डाग आहे. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. काही माणसांच्या बाबतीत ही सोयच आहे म्हणा. पण तो डोळा वाचला असता, आणि का वाचला नाही हे मला पक्कं माहीत आहे.

२०१६ साली मी रिटायर झालो. इथे कॅनडात, किचनरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो. माझ्या सहीशिवाय माल दाराबाहेर पडत नसे. रिटायर झाल्यावर आमच्यातले लोक क्रूझवर जातात, नाहीतर मराठी मंडळाच्या कमिटीवर जाऊन भांडतात. मंडळातली माणसं मला सहन होत नाहीत आणि त्यांना मी होत नाही, त्यामुळे तो रस्ता बंद होता. कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू-टू रायफलीवर माझा हात बरा होता. म्हटलं, चला, तेच करू. कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स आलं, रायफल आणली. सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे दर गोळीला खटका एकदा ओढायचा, पुढची गोळी आपोआप नळीत येऊन बसते. हे मी शंभरदा सांगितलं असेल, तरी शेजारपाजारचे मी मशीनगन आणल्यासारखे बघायचे.

बायको म्हणाली, "अहो, या वयात बंदूक? लोक काय म्हणतील?"

"लोक गेले खड्ड्यात," मी म्हणालो. खड्डे होतेच, लाइट रेलच्या रुळांसाठी अख्खं गाव खणून ठेवलं होतं.

रायफलीवर नेम धरायला मागे खाच आणि पुढे टोक असतं. तरुणपणी खाच, टोक आणि निशाण तिन्ही स्वच्छ दिसतात. सदुसष्टाव्या वर्षी त्यातलं एकही धड दिसत नाही. तेव्हा वर बसवायला दुर्बीण हवी होती. तीन आठवडे मी त्यावर वाचलं आणि मगच दुकानात गेलो.

दुकान गावाबाहेर. पुढे मासे पकडायच्या काठ्या, मागे रायफली. काउंटरवरचा माणूस चाळिशीचा, आडवातिडवा, दाढीवाला, तोंडात च्युइंगम. पहिल्याच वाक्यात मला 'बडी' म्हणाला आणि माझ्या डोक्यात गेला. मी काय याचा बडी? त्याने मला लहान पोराला समजवावं तसं समजावलं. मोठ्या शिकारीची दुर्बीण लांबच्या अंतराला जुळवलेली असते, ती टू-टूवर घेऊ नका. जवळच्या निशाणावर मान जरा हलली की आतली नेमाची फुली सरकते. पन्नास यार्डाला जुळवलेली घ्या. झूम फार नको. नाहीतर सरळ लाल ठिपक्याचं साइट घ्या, काचेतला ठिपका निशाणावर ठेवायचा की झालं. सगळं बरोबर सांगत होता. मला हे सगळं ठाऊक होतं, म्हणून जास्तच राग येत होता. त्याने सुचवली ती सोडून मी दुसरी घेतली.

मे महिन्यात रेंजवर पहिल्यांदा त्यातून बघितलं. आत उभी-आडवी अशा दोन बारीक तारा, त्यांची फुली. आडवी तार मधोमध खाली झोळ खात होती, दोरीवर ओला टॉवेल टाकल्यावर खाते तशी. तळपायाची आग मस्तकात गेली. तडक दुकानात.

त्या बाबाने दुर्बीण डोळ्याला लावली, म्हणाला, मला तर सरळ दिसतेय. आणि वाद न घालता बदलून दिली. भांडायला गेलेल्या माणसाशी कोणी भांडलं नाही की त्याचं काय होतं ते मलाच माहीत.

या वेळी महागातली घेतली. जुलैत तिचीही तार वाकडी, झोळ आधीपेक्षा मोठा. दुर्बीण रायफलीवरून उतरवून मी बायकोच्या हातात दिली आणि मागच्या अंगणात नेऊन म्हटलं, बघ, सांग. तिने कुंपणाकडे बघितलं.

"सरळ आहे की हो." मग हसून म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं!"

मी तिच्या हातातून दुर्बीण ओढूनच घेतली. "तुला काय कळतं यातलं?"

"मला नाहीच कळत," ती म्हणाली आणि आत गेली. चाळीस वर्षं हे वाक्य मी तिच्याकडून घोटवून घेतलं होतं. मायक्रोवेव्हपासून मॉर्गेजपर्यंत, तुला काय कळतं. त्या दिवशी तिला बरोबर दिसत होतं आणि तिने मान खाली घातली.

ऑगस्टमध्ये मी तिसऱ्यांदा दुकानात गेलो. शनिवार होता, तीन-चार गिऱ्हाईकं होती. मी दुर्बीण काउंटरवर आपटली. दाढीवाल्याने च्युइंगम थुंकला.

"वाकडेपणा नक्की कुठे दिसतो?" त्याने विचारलं.

"मधोमध. खाली."

"आता डोळ्याला लावा आणि हातातल्या हातात फिरवा. पाव वळसा."

मी फिरवली. आडवी तार उभी झाली. तारेतच खोट असती तर झोळ तिच्याबरोबर फिरून कडेला जायला हवा होता. झोळ जागचा हलला नाही. आता जी तार आडवी आली, तीच खाली वाकली. नेमकी त्याच जागी.

चाळीस वर्षं मी नव्या पोरांना एकच गोष्ट ओरडून शिकवली होती: माल नाकारण्याआधी गेज तपास. मोजणारं गेजच खोटं असेल तर चांगला माल भंगारात जातो. आणि ही इतकी साधी तपासणी मी तीन महिन्यांत केली नव्हती. मासे पकडायच्या काठ्या विकणाऱ्या माणसाने ती अर्ध्या मिनिटात केली. मला त्याच क्षणी कळलं. इथे कोणाला वाटत असेल की मला कळलं नाही, तर तसं नाही. मला स्वच्छ कळलं.

तो हळू आवाजात म्हणाला, "सर, हे दुर्बिणीचं नाही, डोळ्याचं आहे. आज जा डॉक्टरकडे. पुढच्या आठवड्यात नको, आज. माझ्या आईने उशीर केला."

बडीचा सर झाला होता. आवाज खाली आणून बोलला तो माझी लाज राखायला. आणि मला वाटलं, हा माझी कीव करतोय. कीव मला कोणाचीच चालत नाही.

मी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडलो, "ब्राउन माणसाचे पैसे चालतात, त्याचा शब्द चालत नाही, होय ना?"

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने माझ्याशी तसलं काहीही केलं नव्हतं. करणारे वेगळे होते; कारखान्यात होते, माझे वरिष्ठ होते, आणि त्यांच्यापुढे मी चाळीस वर्षं शेपूट घालून गप्प बसलो होतो. तिथे साठलेलं सगळं मी या माणसावर ओतलं, कारण हा उलटून काही करणार नव्हता.

मी हट्टाने लाल ठिपक्याचं साइट मागितलं, त्याने दुर्बीण ठेवून घेतली आणि ते दिलं.

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाला?"

"काय म्हणणार? माल खराब होता म्हणाला. माफी मागितली."

"बघा, बरं झालं तुम्ही गेलात," ती म्हणाली आणि पोहे पुढे ठेवले. मी ते खाल्ले.

लाल ठिपक्याचं असं झालं की सरळ बघितलं की ठिपका गायब, नजर जरा बाजूला नेली की हजर. मी बॅटऱ्या बदलल्या. दोन महिने मी बॅटऱ्या बदलत होतो. आतून भीती वाटत होती, पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे त्या दाढीवाल्याचं खरं करायचं. तेवढ्यासाठी मी गेलो नाही. दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घ्यायचा, त्यामुळे ड्रायव्हिंग चालू, पेपर चालू, शिव्या चालू.

ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात तोंड धुताना डाव्या डोळ्यात साबण गेला. तो मिटून मी टॉवेल मागितला. बायको टॉवेल घेऊन समोर आली आणि तिला तोंड नव्हतं. केस होते, कानातल्या कुड्या होत्या, मध्ये काही नव्हतं. मी ओरडलो.

स्पेशालिस्ट तरुण मुलगी होती. डोळ्याच्या पडद्यामागे रक्त पाझरून डाग धरला होता. डोळ्यात इंजेक्शनं देऊ, म्हणाली, पण गेलंय ते परत येणार नाही. उन्हाळ्यात आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं. मग तिने विचारलं, सरळ रेषा वाकड्या कधीपासून दिसतायत?

"दोन आठवडे," मी म्हणालो.

शेजारी बसलेली बायको माझ्याकडे वळली. "अहो, मे महिन्यापासून तुम्ही तार वाकडी तार वाकडी म्हणत होतात ना?" आणि बोलता बोलता तिला ते उमगलं. मी तिच्या चेहऱ्यावर ते उमगताना बघितलं, डाव्या डोळ्याने.

डॉक्टरने विचारलं, "इतक्या महिन्यांत कोणाच्याच लक्षात आलं नाही? कोणी काही बोललं नाही?"

त्या माणसाचा आवाज माझ्या कानात होता. आज जा. पुढच्या आठवड्यात नको.

"नाही," मी म्हणालो. "कोणीच नाही."

बायको रडायला लागली. "माझ्या हातात दिली होती हो यांनी," ती डॉक्टरला सांगायला लागली, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. "मला सरळ दिसली आणि मी गप्प बसले. मला कळायला हवं होतं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी तिचं सांत्वन केलं! निर्लज्जपणाला काही सीमा?

त्यानंतर एकदा मी त्या दुकानापर्यंत गेलो. पार्किंगमध्ये वीस मिनिटं गाडीत बसलो आणि परत आलो. तो माणूस मला आजही आवडत नाही. त्याचं खरं निघालं हे मला आजही सहन होत नाही.

त्याचं तो बघून घेईल. पण बायको अजून सांगलीला बहिणीशी फोनवर बोलताना तेच म्हणते, मी बघितलं होतं गं, माझ्याच लक्षात आलं नाही. मी शेजारी बसलेला असतो, टीव्हीचा आवाज वाढवतो. हल्ली मी थोडंफार लिहितो, ते पहिल्यांदा तीच वाचते. हे उद्या सकाळी तिच्या चहाशेजारी ठेवणार आहे.