अक्कांची सही आणि नानांचा नियम

नाना गेल्याचं मला जळगावच्या कचेरीत कळलं. हातात मुदत मागणारा त्यांचाच तिसरा अर्ज होता. आमच्या गावाहून, पारोळ्याहून आलेल्या माणसाने मला व्हरांड्यात गाठून ती बातमी सांगितली, आणि नेमका तेव्हाच आतून कारकून ओरडला, "सभासदांच्या सह्यांची यादी कुठंय?"... महिना उलटून गेला, ते ओरडणं अजून कानातून जात नाही.

नाना आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, मी चिटणीस. त्यांच्या थोरल्या बहिणीने, यशोदाअक्कांनी, वीस वर्षं वाचनालय झाडलं, दिवे लावले. वाचता मात्र येत नव्हतं. समुद्र कसा दिसतो, एवढंच त्या आम्हाला विचारायच्या. धुळ्याच्या एका शेठकडे समुद्रावरचा मूकपट आल्याचं कळलं आणि नानांनी ठरवलं, तो वाचनालयातच दाखवायचा. कचेरीला केलेल्या पहिल्या अर्जात त्यांनी लिहिलं, 'सर्वांस मुक्तद्वार'. झालं! शेठ म्हणाले, तालुक्यात जाहीर खेळ करायचा हक्क एका तंबूवाल्याला दिलाय. हा तंबूवाला तो मूकपट स्वतः लावेना आणि दुसऱ्याला लावू देईना. शेवटी मोकळीक मिळाली ती फक्त सभासदांपुरती. खेळाच्या परवान्यासाठी कचेरीला त्यांच्या सह्यांची यादी हवी होती.

अक्का सभासद नव्हत्या. स्वतःचं नाव लिहील तोच सभासद, हा नानांचाच नियम. त्यापायी कितीतरी लोक सही शिकले होते. मी म्हटलं, "अक्कांचा अंगठा घ्या न् मोकळे व्हा." तर म्हणाले, "बहिणीला सूट दिली तर गावाला कोणत्या तोंडाने सांगू?" कचेरीचा राग यायचा, तंबूवाल्याचा यायचा, पण खरं सांगतो, सगळ्यात जास्त नानांचाच यायचा.

तेराव्यानंतर मी रजिस्टर आणि शाईची गादी घेऊन अक्कांकडे गेलो. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. अक्कांनी गादी सरकवली आणि पाटी पुढे केली. तिच्यावर नानांच्या वळणदार अक्षरात 'य' आणि 'शो' काढलेले होते.

"अंगठा नको. नानानी दोन अक्षरं शिकाडात, एकच ऱ्हायनं शे. ते तू शिकाड. पन पाटी पुसू नको, त्याना हातनं शे ते."

दोघं भावंडं एका माळेचे मणी! मी कपाळावर हात मारला आणि उरलेल्या जागेत 'दा' काढला. अक्का रोज गिरवायच्या, तरी अक्षर जमायला तीन आठवडे गेले.

काल अक्कांनी रजिस्टरात पुरं नाव लिहिलं, पदराने बोटं पुसली आणि खेळ कधी ते विचारलं, "भाऊ, आते समुंदर कवय दखाडशी?"

मूकपट कधीच मुंबईला परत गेलाय... मी त्यांच्या नावापुढे सभासद क्रमांक लिहिला.