खड्ड्यात उतरलो तेव्हा

पेट्रोलवरची करवत घेऊन दिंडोरीहून आमच्या कॉलनीत येणारा तो माणूस इतका नम्र, की उघड्या फाटकातूनही "साहेब, येऊ का?" विचारल्याशिवाय आत यायचा नाही. वादळात मुळांसकट आडवा झालेला आमचा गुलमोहरही त्यानं माझी परवानगी घेऊनच कापायला घेतला. बुंधा बराचसा कापून झाला, तेवढ्यात मी फुटलेला पाइप बघायला मुळांखालच्या खड्ड्यात उतरलो. त्यानं करवत टाकली, माझी कॉलर धरली आणि मला कांद्याच्या गोणीसारखं बाहेर फेकलं.

"अरे, वेड लागलं का तुला?" मी ओरडलो.

कडाड! बुंधा मोडला, वरचं ओझं सुटलं आणि मुळांसकट उरलेलं खोड धाडकन खड्ड्यात परत उभं राहिलं. तो चिखलात माझं तुटलेलं बटण शोधत होता.

"साहेब, शर्ट नवा व्हता का?"