फ्लेक्सवरचं शुद्धलेखन

आमच्या हायस्कूलात शुद्धलेखन स्पर्धा ठरली, तेव्हा मुलांच्या तयारीआधी फ्लेक्स तयार झाला. गारगोटीहून छापून आणलेल्या त्या फ्लेक्सवर संस्थेच्या संचालकांचा दाराएवढा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शुध्दलेखन स्पर्धा'. द ला ध जोडायचा, तर तिथं ध ला द जोडलेला. मी मराठीचा शिक्षक, त्यामुळं खाज मलाच. मुख्याध्यापकांना दाखवलं, तर बराच वेळ न्याहाळून ते म्हणाले, "व्हय की, सायबांचा चेहरा जरा काळा आलाय."

परीक्षकही संचालकच होते. मास्तरांची नेमणूक करणाऱ्याला मराठी येतंच, असा आमच्याकडं समज आहे. नववीतल्या एका मुलीचा पहिला नंबर हुकला. मी फळ्यावर शिकवलेला 'शुद्ध' तिनं कागदाच्या माथ्यावर जसाच्या तसा लिहिला होता आणि त्याभोवती लाल गोल मारलेला होता. मी विचारायला गेलो. संचालकांनी वर न बघताच फ्लेक्सकडं बोट केलं.

"एवढं मोठं लिवलंय, बघून बी लिवता येत न्हाय?"

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. ते मराठीत एम.ए. आहेत.

मुलीची समजूत काढायला मी वर्गात गेलो. शेवटी तिनंच माझी समजूत काढली.

"असू दे की सर," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तुमच्या फळ्याकडं बघत न्हाय."