ब्लांशचा कोपरा

शनिवार, १८ नोव्हेंबर १९६१. सकाळी खिडक्यांवर बर्फाची नक्षी. दाढी करताना आदेलारच्या गालाला कापलं, तुरटी लावली. दुपारी फादरांनी नव्या यंत्रावर पवित्र पाणी शिंपडलं. नगराध्यक्षांचं भाषण लांबलं, पाय गारठले. बर्फ आरशासारखा. बेर्नादेतवन्सं जेवायला होत्या, मेपल साखरेचा केक दोनदा घेतला. आदेलार गप्प.

क्लेमांस लाव्हेर्तुची रोजनिशी अशीच असायची. घडलेलं तेवढं लिहावं, मनातलं कबुलीच्या वेळी फादरांना सांगावं, असं सिस्टरांनी शाळेत शिकवलं होतं. त्यामुळे नवरा त्या दिवशी का गप्प होता, हे त्या पानावर नाही. तसं ते तिलाही मार्चपर्यंत कळलं नव्हतं.

आदेलार लाव्हेर्तु लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता आणि सेंत-एल्मीर गावाच्या आइस हॉकी संघात डावा बॅक. संघाचं नाव कास्तोर, म्हणजे बीव्हर. निळ्या स्वेटरवर छातीशी पांढरा बीव्हर, आणि त्याचे दात दर वर्षी कुणाची तरी बायको नव्याने शिवायची, कारण मैदानाभोवतीच्या फळ्यांवर आपटून आधी तेच उसवायचे. आदेलार दिसायला काही विशेष नव्हता. चालताना बैलगाडीसारखा डुलायचा. बर्फावर उतरला की मात्र त्याचं डुलणं थांबायचं. क्लेमांसने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिथेच, आणि लग्नानंतर कितीतरी वर्षं तिला वाटत राहिलं की रस्त्यावरून चालत येतो तो याचा भाऊ असावा.

तेव्हाचं मैदान म्हणजे पत्र्याच्या छपराची लाकडी शेड. थंडी कडक झाली की दारं-खिडक्या उघड्या टाकायच्या, गिरणीतली माणसं पिंपांनी पाणी आणून थरावर थर ओतायची, आणि नाताळच्या आसपास खेळण्याजोगा बर्फ धरायचा. हे थर ओतण्यात आदेलारचा हात कुणी धरू शकत नसे. पाणी गरम हवं, थर पातळ हवा आणि ओतणाऱ्याने बोलायचं नाही, असे त्याचे नियम. तिसरा नियम कशासाठी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

या शेडीला एकच खोड होती. डाव्या गोलमागच्या कोपऱ्यात फळ्यांना लागून ब्लांश पोमर्लोची खानावळ, आणि तिची चूल नेमकी त्या भिंतीला. ब्लांशबाई सामन्याच्या दिवशी वाटाण्याचं सूप चढवायच्या, आणि भिंतीच्या या बाजूचा बर्फ रवाळ होऊन बसायचा. जोरात आलेली खेळाची रबरी चकतीही तिथे पोचली की जीव टाकायची. सगळं गाव म्हणायचं, "चकती सुपात पडली." बाहेरच्या संघांना हे ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि पायांत मुरलेलं असणं वेगळं. ते धावत चकतीमागे जायचे आणि घसरून पुढे निघून जायचे. आदेलार कधी कोपऱ्यात धावलाच नाही. तो गोलसमोर पाठ फिरवून उभा राहायचा, समोरची माणसं अडवायचा आणि मग सावकाश जाऊन, अंगणातलं लाकूड उचलावं तशी चकती उचलून आणायचा.

सामन्याच्या तीन सत्रांपैकी पहिल्या आणि तिसऱ्यात ती बाजू राखायला कास्तोरकडेच असायची. मधल्या सत्रात आपली पोरं तिकडे हल्ला चढवणार म्हणून ब्लांशबाई चूल मंद करायच्या. तेवढ्याने बर्फात काय फरक पडत होता, ते फादरांनाही सांगता आलं नसतं. पण एकदा त्या विसरल्या आणि संघ हरला, तेव्हा आठवडाभर त्यांच्याकडे कुणी सूप प्यायलं नाही.

मग बर्फ गोठवणारं यंत्र आलं. जमिनीखाली नळ्या घालायच्या होत्या, तर त्यांचे चर खणायला आदेलारच सगळ्यांत पुढे होता. आता नोव्हेंबरपासून खेळता येणार, पोरांची चंगळ, असं तोच सांगत फिरायचा. उद्घाटनाच्या दिवशी त्याने खिशातून जुनी चकती काढून कोपऱ्याकडे सोडली. ती फळ्यांच्या कडेने सरसरत गेली, वळली आणि गोलच्या दुसऱ्या बाजूने परत त्याच्या पायांशी आली. क्लेमांसने ते पाहिलं होतं. चांगला बर्फ झाला, एवढंच तिच्या मनात आलं होतं.

मार्चमध्ये लाक-दोरे गावाच्या संघाशी अंतिम सामना झाला. हंगामभर आदेलार कोपऱ्यात धावत होता. स्वतःला बजावून धावत होता. शेवटच्या काही मिनिटांत दोन्ही संघ बरोबरीत असताना लाक-दोरेच्या माणसाने चकती फळ्यांना लावून कोपऱ्यात टाकली. आणि आदेलार वळून गोलसमोर उभा राहिला. कोपऱ्याकडे पाठ करून, जुन्यासारखा, निवांत. चकती थांबली नाही. गोलमागून फिरून ती दुसऱ्या बाजूला मोकळ्या उभ्या असलेल्या पोराच्या स्टिकवर आली आणि तिथून जाळीत गेली.

कुणी त्याला शिवी दिली नाही. तेच वाईट झालं. ब्लांशबाईंनी सुपाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. घरी जाताना त्याची पिशवी क्लेमांसने घेतली आणि त्याने ती घेऊ दिली.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "हा शेवटचा हंगाम, असं तूच म्हणाला होतास."

"म्हणालो होतो."

"गुडघा वळत नाही तुझा. सकाळी चर्चमध्ये बाकाला धरून उठलास."

"सुपाचा वास आला गं," तो म्हणाला. "वास आला आणि पाय थांबले. मला असं अर्ध्या पानावरून उठवू नकोस, क्लेमांस. आणखी एक हंगाम दे."

तिने पिशवी उघडली. स्वेटर भिजत घातला, आणि तोच तिचा होकार होता.

पुढच्या हंगामात नोर्मां कोच झाला. हा नोर्मां लाव्हेर्तुंच्याच स्वयंपाकघरातली खुर्ची बर्फावर ढकलत स्केटिंग शिकलेला, आणि मागून त्याची कॉलर धरणारा आदेलार. आता तो आदेलारला बाकावर बसवायचा. बोलायचा फार अदबीने. तरणी पोरं आदेलारला म्हातारबा म्हणू लागली, त्याच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकू लागली. आदेलार त्यांच्यासाठी बाकाचं फाटक उघडायचा आणि लावायचा. कळस म्हणजे संघाने त्याच्यासाठी निरोपाची संध्याकाळ ठरवली, फेब्रुवारीतल्या शेवटच्या घरच्या सामन्याला. भेट काय, तर पाय वर करता येतात अशी आरामखुर्ची. बेर्नादेतवन्संनी हे गुपित एक दिवसही पोटात ठेवलं नाही.

"त्याला मी खुर्चीला धरून उभा केला," आदेलार म्हणाला, "आता तो मला खुर्ची देऊन बसवतोय." तो हसला, पण त्या रात्री जेवला नाही. त्याला भीती कशाची होती ते क्लेमांसला आता नीट कळत होतं. गाव टाळ्या वाजवणार, आणि टाळ्या वाजवताना प्रत्येकाला तो एक गोल आठवणार.

निरोपाच्या आधीच्या आठवड्यात यंत्र बंद पडलं. दुरुस्तीचा माणूस शहरातून यायचा होता आणि रस्ते हिमवादळाने बुजलेले. बर्फाला घाम सुटला. लाक-दोरेचा संघ मात्र वादळाआधीच येऊन नातेवाइकांकडे उतरला होता, त्यामुळे सामना टाळणं शक्य नव्हतं. वादळ सरलं तशी हाडं गोठवणारी थंडी पडली, आणि गिरणीतली जुनी माणसं कुणी न बोलावता शेडीपाशी जमली. दारं उघडली, खिडक्या उघडल्या, पिंपं आली. आदेलारने पाण्यात बोट घालून पाहिलं आणि नुसता हात वर केला. सगळे गप्प झाले. नोर्मांसुद्धा पिंप घेऊन रांगेत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्लांशबाईंनी, कधी नव्हे ते, दोन पातेली चढवली.

खेळाडू कपडे बदलत असताना आदेलार नोर्मांजवळ गेला. संघाची शिवणटिपण करायला आलेली क्लेमांस दारात सुई-दोरा घेऊन उभी होती.

"आज मला खेळव," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी तुमची खुर्ची घेतो, मुकाट्याने बसतो. भाषणसुद्धा ऐकतो."

नोर्मांने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. "तिसऱ्या सत्रात," तो म्हणाला. "आणि पडलास तर उचलायला मी येणार नाही, म्हाताऱ्या."

"तू पडायचास तेव्हा मी तरी कुठे उचलत होतो?"

तिसऱ्या सत्रात कास्तोर एका गोलने मागे होते. आदेलार हळू होता, दोनदा तरण्या पोरांनी त्याला वळसा घातला, आणि क्लेमांसच्या हातातली जपमाळ मण्यामण्याला अडकत होती. मग लाक-दोरेच्या त्याच माणसाने चकती कोपऱ्यात टाकली. कास्तोरचे दोघे तिकडे धावले. आदेलार ओरडला, "जाऊ नका रे!" आणि वळून गोलसमोर उभा राहिला. कोपऱ्याकडे पाठ करून.

 चकती कोपऱ्यापर्यंत सरसरत गेली, रव्यात रुतली आणि तिथेच बसली. लाक-दोरेचा माणूस तिच्यावरून घसरत पुढे फळ्यांवर आदळला. आदेलारने मागे पाहिलं नाही. समोरच्याला खांद्याने बाजूला सारलं, मग डुलत डुलत गेला आणि चकती उचलून आणली. खानावळीतून पळीने पातेलं बडवल्याचा आवाज आला, आणि मग सगळी शेड एका सुरात ओरडली, "सुपात!"

सामना त्यांनी गमावलाच. त्या एका गोलच्या फरकाने.

घरी येताना आपली पिशवी आदेलारने स्वतः घेतली.  दाराशी आल्यावर बुटांचा बर्फ झटकत त्याने विचारलं, "ती खुर्ची कुठे ठेवायची म्हणतेस?"

पुढच्या रविवारी भाषणं झाली, टाळ्या झाल्या. दुरुस्त झालेल्या यंत्राच्या आरशासारख्या बर्फावर त्याने नेहमीच्या कपड्यांत एक फेरी मारली, आणि घडी घातलेला स्वेटर नोर्मांच्या हातात दिला. बीव्हरचे दात क्लेमांसने आदल्या दिवशीच पक्के केले होते. खुर्ची गिरणीच्या घसरगाडीवरून घरी आली. ब्लांशबाई तिच्यावर बसून आल्या, कारण त्यांना चालायचा कंटाळा आला होता.

त्या संध्याकाळी क्लेमांसने लिहिलं: खुर्ची दारातून आत येईना, म्हणून दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. खिडकीपाशी ठेवली. शिवणयंत्र जिन्याखाली हलवलं. दार अजून नीट लागत नाही, खालच्या फटीत गोणपाट घातलं आहे.